रंगाचा दुसरा हात

नोगालेसच्या अर्ध्याअधिक दुकानांवर
म्हाताऱ्या सेलेदोनियोचं अक्षर आहे:
खाटीक, न्हावी, टायरवाला,
दात काढणारा एक डॉक्टर,
जो आता नाही, पण पाटी आहे.
स्वतःचं नाव त्यानं कुठंच लिहिलं नाही.
सही करतात ते चित्रकार, म्हणायचा, मी पेंटर.

मी एनेदिना, सतरा वर्षांची.
त्याची शिडी धरायचे,
दिवसाला दीडशे पेसो आणि दुपारचं जेवण.

मार्चमध्ये एका सकाळी त्यानं हातगाडी
बाजाराकडे न वळवता टेकडी चढवली. कुंपणाकडे.
कुंपण म्हणायचं आपलं.
गंजक्या लोखंडाचे खांब, चार पुरुष उंच,
खांबाखांबात चार बोटं फट
आणि फटीवर मागाहून ठोकलेली जाळी,
कारण लोक फटीतून हात घालायचे.
कशाला, तर हात धरायला.

तिथं आधीच पुष्कळ काही होतं.
तुटलेल्या साखळ्या, मुठी, पंख. पंख तर किती!
राजधानीहून आलेल्या पोरांनी काढलेले.
फोटो काढून झाल्यावर ती परत गेली.
म्हातारा बघत राहिला.
“रंग चांगला वापरलाय,” एवढंच बोलला.
मग सुतळीला खडू फासून फटकन रेघ उठवली
आणि किराणा दुकानाला लिहितात तसा
फलक लिहायला घेतला:

टोमॅटो: जातो.
काकडी: जाते.
वासरू: कानात बिल्ला असल्यास जातं.
आमच्या पोरींनी कारखान्यात बांधलेली मोटारीची वायर: जाते.
नाल्याचं पाणी: जातं, तक्रार येते.
वारा: चौकशी चालू आहे.
ओब्दुलिया:

इथं त्यानं ब्रश डब्यात उभा केला.

ओब्दुलिया त्याची मुलगी.
सहा वर्षांपूर्वी ऑगस्टात वाळवंटाच्या वाटेनं निघाली,
दोन गॅलन पाणी घेऊन.
फोन आला नाही. दुसरं काहीही आलं नाही.

समोर उभं राहून तो फलक वाचताच येत नव्हता.
अर्धं अक्षर खांबावर,
अर्धं फटीतून पलीकडच्या डोंगरात सांडलेलं.
कडेकडेनं चालू लागलं
की खांब खांबाला चिकटायचा, अक्षर जुळायचं.
मी म्हटलं, चुकलं का हो माप?
“उभ्या उभ्या बघणाऱ्यांसाठी नाही ते,” तो म्हणाला.

पलीकडच्या रस्त्यानं पांढरी गाडी जायची, रोज, सावकाश.
एकदा थांबली.
काच खाली करून शिपायानं विचारलं,
त्याचं स्पॅनिश माझ्याहून शुद्ध:
आजोबा, शेवटच्या ओळीत काय लिहायचं राहिलंय?
“ते तुम्हीच सांगा.”
इंजिन बराच वेळ चालू होतं.
मग काच वर गेली.

गुरुवारी नगरपालिकेची माणसं आली,
राखाडी रंग आणि लांब दांड्याचे रोलर घेऊन.
कुणी मोठे पाहुणे येणार होते म्हणे.
मुठी गेल्या, पंख गेले, काकडी गेली.
मी रडले. चिडून, पण रडलेच.
म्हातारा मात्र त्यांच्या मुकादमापाशी जाऊन
अगदी धंद्यातल्यासारखं बोलला:
“खालचा गंज घासला नाहीत.
टिकायचं नाही हे.”

जूनमध्ये लोखंड असं तापलं की हात लावला तर कातडी राहील.
राखाडीचे पापुद्रे सुटू लागले.
पहिला वर आला तो टोमॅटो.
त्यानंतर वासराचा कान.

परवा म्हातारा मला घेऊन पुन्हा टेकडी चढला, दोनदा दम खात.
“पहिला हात उन्हानं बघितला,” म्हणाला,
“आता दुसरा हात द्यायचा.”
जाळीकडे बघून मला हसू आलं, मग आलं नाही.
त्याला आता रेघ दिसत नाही.
ब्रश माझ्या हातात दिला,
शिडी स्वतः धरली.
त्याचे हात थरथरत होते, म्हणजे मीही थरथरत होते,
वर, काळ्या रंगाचा डबा सांभाळत.

शेवटच्या ओळीपाशी आले तेव्हा खाली वाकून विचारलं,
ओब्दुलियापुढे काय लिहू?

“त्याला वेळ आहे,” खालून आवाज आला.
“आधी नाव गडद कर.”